दोन थरांची डीव्हीडी आणि मध्यंतराची पाटी

आवडत्या सिनेमातले रटाळ प्रसंग कापून स्वतःच्या पसंतीची आवृत्ती करणारे हौशी जगभर आहेत. १९९९च्या ‘स्टार वॉर्स’पटाची ‘फँटम एडिट’ त्यातली गाजलेली. मुलुंडच्या घरात असा उद्योग करून ती आवृत्ती डीव्हीडीवर उतरवायची, तर पहिली अडचण जागेची.

तीन तासांचा हिंदी सिनेमा ४.७ जीबीच्या साध्या डिस्कवर कोंबला, तर सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात. पावसाच्या, गर्दीच्या दृश्यांत चौकोन उमटतात. दोन थरांच्या डिस्कवर ८.५ जीबी मावतं, म्हणजे सव्वासहा मेगाबिट. (विंडोज ते ७.९६ दाखवतं. मोजायची रीत वेगळी. दुकानदाराशी भांडू नका.)

पहिला थर अर्धपारदर्शक असतो. लेझर त्यावर मधून कडेकडे जातो, मग नजर खोल वळवून दुसऱ्यावर कडेकडून मध्याकडे येतो. या वळणावर जुने प्लेअर क्षणभर अडखळतात. तो सांधा कुठे पाडायचा, ते इम्गबर्नसारखं सॉफ्टवेअर विचारतं. आपल्या सिनेमात त्याची हक्काची जागा म्हणजे मध्यंतराची पाटी! अट एवढीच, की पूर्वार्धाचा डेटा उत्तरार्धाहून कमी नको आणि एका थराच्या जागेपेक्षा जास्तही नको. म्हणून डिस्क काठोकाठ भरू नये.

बर्निंगचा वेग कमी ठेवावा, शेवटी व्हेरिफाय करावं. मूळ डिस्क विकतची असावी आणि आपली आवृत्ती घरापुरतीच. मुलुंडच्या ‘पाच रस्ता’ नाक्यावर विकायला बसलात, तर गाठ कॉपीराइट कायद्याशी.