मायामीचा जावई

1992 साली क्यूबाच्या हवाईदलातला एक मेजर समुद्रातून पोहत ग्वांतानामोच्या अमेरिकी नाविक तळावर येऊन थडकला. हुआन पाब्लो रोके हे त्याचं नाव. मिग विमानं उडवणारा, सोव्हिएत संघात शिकून आलेला, देखणा गडी. मायामीत त्याची तुलना हॉलिवूडच्या रिचर्ड गिअरशी होई. कास्त्रोच्या राजवटीला कंटाळून पळालो, असं त्यानं सांगितलं आणि मायामीनं ते मान्य केलं.

ते का मान्य केलं, हे समजायला ते शहर समजायला हवं. 1959 च्या क्रांतीनंतर घरदार सोडून आलेली लाखो क्यूबन माणसं तिथं वसली होती. त्यांतल्या कित्येकांनी 1961 च्या ‘बे ऑफ पिग्ज’च्या फसलेल्या चढाईत आपली माणसं गमावली होती, कित्येकांचे नातेवाईक हवानाच्या तुरुंगात होते. तिथून निसटून येणारा प्रत्येक जण त्यांना आपल्या बाजूचा पुरावा वाटे. त्यात हा तर खुद्द कास्त्रोच्या हवाईदलातला अधिकारी! निर्वासितांच्या सर्वांत वजनदार संघटनेनं, क्यूबन अमेरिकन नॅशनल फाउंडेशननं, 1995 मध्ये त्याचं आत्मचरित्र छापलं. नाव होतं ‘देसेर्तोर’, म्हणजे सैन्यातून पळालेला.

एका बाप्टिस्ट चर्चमध्ये त्याची आना मार्गारिता मार्तिनेस हिच्याशी ओळख झाली. तीही लहानपणी क्यूबातून आलेली, सेक्रेटरीची नोकरी करणारी, पहिल्या लग्नाची दोन मुलं सांभाळणारी बाई. 1 एप्रिल 1995 रोजी दोघांचं लग्न झालं. एकटा परदेशी पुरुष संशयाचा धनी होतो, पण बायको-मुलांसह चर्चला येणाऱ्याला कोण काय विचारणार? रोके आता साऱ्या निर्वासित समाजाचा जावई झाला होता.

याच काळात तो ‘ब्रदर्स टू द रेस्क्यू’ या संस्थेसाठी विमान उडवू लागला. होसे बासुल्तो या ‘बे ऑफ पिग्ज’च्या जुन्या सैनिकानं 1991 मध्ये ती उभी केली होती. टायर, फळ्या, पिंपं बांधून केलेल्या तराफ्यांवरून लोक फ्लोरिडाच्या दिशेनं निघत. संस्थेचे स्वयंसेवक छोट्या सेस्ना विमानांतून समुद्र धुंडाळत, तराफा दिसला की पाणी-औषधं खाली टाकत आणि तटरक्षक दलाला कळवत. त्यांच्यामुळे हजारो जीव वाचले. बासुल्तोच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, या कामाचं मोल मला फार मोठं वाटतं.

पण 1994 च्या उन्हाळ्यात तीस हजारांहून अधिक लोक तराफ्यांवरून निघाले आणि वॉशिंग्टननं हवानाशी करार केले. मे 1995 पासून समुद्रात सापडणाऱ्यांना परत पाठवलं जाऊ लागलं. तराफे आटले, संस्थेचं मूळ काम आटलं आणि बासुल्तो राजकीय धाडसांकडे वळला. जुलै 1995 मध्ये त्याचं विमान थेट हवानावरून गेलं. जानेवारी 1996 मध्ये शहरावर पत्रकांचा पाऊस पडला. कास्त्रो संतापले. अमेरिकी अधिकाऱ्यांनाही काळजी वाटू लागली, पण उड्डाणं काही थांबली नाहीत.

आता रोकेचा दुसरा पगार. अमेरिकेच्या एफबीआयनं त्याला खबऱ्या म्हणून नेमलं होतं. निर्वासित संघटनांत काय शिजतंय, अमली पदार्थांची ने-आण होते का, हे कळवायचं. त्यापोटी त्याला सुमारे 6,700 डॉलर मिळाले. त्याचा खरा धनी हवानात होता, हे एफबीआयला ठाऊक नव्हतं. या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. त्याच बैठका, तीच उड्डाणं, तीच माहिती तो दोन्हीकडे पोहोचवू शकत होता, आणि कुणी हटकलं असतं तर अमेरिकी सरकारच त्याच्या पाठीशी उभं राहिलं असतं.

23 फेब्रुवारी 1996 रोजी पहाटे तो घरातून निघाला. बाहेरगावी काम आहे, एवढंच त्यानं बायकोला सांगितलं. क्रेडिट कार्डं मात्र घरातच राहिली.

दुसऱ्या दिवशी, 24 तारखेला दुपारी, मायामीजवळच्या ओपा-लोका विमानतळावरून संस्थेच्या तीन सेस्ना उडाल्या. क्यूबाच्या मिग-29 नं त्यांतल्या दोन क्षेपणास्त्रांनी पाडल्या. सहा-सात मिनिटांच्या अंतरानं दोन्ही विमानांच्या चिंधड्या झाल्या. बासुल्तोचं तिसरं विमान निसटलं. कार्लोस कोस्ता, मारिओ दे ला पेन्या, आर्मांदो अलेहांद्रे आणि पाब्लो मोरालेस हे चौघे गेले. सर्वांत धाकटा मारिओ 24 वर्षांचा होता. आर्मांदो व्हिएतनाममध्ये अमेरिकेसाठी लढून आला होता. पाब्लो काही वर्षांपूर्वी स्वतः तराफ्यावरून निघाला होता, तेव्हा याच संस्थेनं त्याला वाचवलं होतं, आणि बरा होऊन तो इतरांना शोधायला उडू लागला होता. विमानं आंतरराष्ट्रीय हद्दीत पाडली गेली, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनं पुढे काढला.

त्या रात्री नवरा कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे आनाला ठाऊक नव्हतं. मग तो टीव्हीवर दिसला, हवानात! बासुल्तोच्या संस्थेवर तो आरोप करत होता. मायामीतल्या कशाची आठवण येते, या प्रश्नावर त्यानं नाव घेतलं ते आपल्या जीप गाडीचं. बायकोनं ते ऐकलं, साऱ्या शहरानं ऐकलं. तिनं पुढे ते लग्न न्यायालयाकडून रद्दबातल करून घेतलं.

विमानं पाडण्याचा राजकीय परिणाम हवानालाही महागात पडला. क्यूबाची नाकेबंदी कायद्यानं पक्की करणाऱ्या हेल्म्स-बर्टन विधेयकाबाबत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन तोवर अनुत्सुक होते. 12 मार्च 1996 रोजी त्यांनी त्यावर सही केली. पूर्वी राष्ट्राध्यक्षाच्या अखत्यारीत असलेली नाकेबंदी आता काँग्रेसशिवाय उठवता येईना.

रोके एकटा नव्हता, हे सप्टेंबर 1998 मध्ये उघड झालं. एफबीआयनं फ्लोरिडात ‘गांधीलमाशी’ या नावानं ओळखलं जाणारं हेरांचं जाळं पकडलं. रेने गोन्सालेस हा वैमानिक 1990 मध्ये पिकांवर फवारणी करणारं विमान घेऊन ‘पळून’ आला होता, तोही त्यातलाच. खटल्यात हवानाचे सांकेतिक संदेश वाचले गेले. ‘हेर्मान’ आणि ‘कास्तोर’ यांनी 24 ते 27 फेब्रुवारीला संस्थेच्या विमानांत बसू नये, असा हुकूम त्यांत होता. हेर्मान म्हणजे रोके, कास्तोर म्हणजे रेने. रोकेच्या परतीची योजना आधीपासूनच ठरलेली होती, विमानं पाडण्याशी तिचा संबंध नव्हता, असं बचाव पक्षानं मांडलं. तो हुकूम वाचल्यावर मला तरी त्या चौघांविषयीची बेफिकिरीच दिसते. आपली माणसं तेवढी त्यांनी जपली. जाळ्याचा म्होरक्या हेरार्दो एर्नांदेस याला जन्मठेप झाली आणि डिसेंबर 2014 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो मायदेशी परतला. रोकेवर 1999 मध्ये गैरहजेरीत आरोप ठेवले गेले, पण तो अमेरिकी न्यायालयात कधीच उभा राहिला नाही.

आनानं क्यूबा सरकारवरच दावा लावला. हेरगिरीसाठी रचलेल्या लग्नात आपली संमती फसवून घेतली, म्हणून तो शरीरसंबंधही अत्याचारच, असं तिचं म्हणणं होतं. फ्लोरिडाच्या न्यायालयानं तिला दोन कोटी 70 लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. हाती आले दोन लाखांच्या आतबाहेर, अमेरिकेनं गोठवलेल्या क्यूबन खात्यांतून. मग तिनं अमेरिकेत येणाऱ्या क्यूबन मालमत्तेवर टाच आणायला सुरुवात केली. काही क्यूबन लोक एका सरकारी फवारणी विमानातून की वेस्टला पळून आले होते. 2003 मध्ये त्या विमानाचा लिलाव झाला आणि तिनंच ते 7,000 डॉलरला घेतलं.

मृतांपैकी तिघांच्या घरच्यांनाही गोठवलेल्या पैशांतून भरपाई मिळाली. पाब्लो मोरालेस अमेरिकी नागरिक झालेला नव्हता, म्हणून ही भरपाई देणाऱ्या कायद्याखाली त्याच्या घरच्यांना दावाच करता आला नाही.

रोके हवानात विस्मरणात गेला. 2012 मध्ये एका वार्ताहराला तो भेटला, तेव्हा अमेरिकेत घेतलेलं रोलेक्स घड्याळ विकायच्या विचारात होता. मागे जाता आलं असतं तर त्या पोरांना विमानातून उतरवलं असतं, असं त्यानं सांगितलं. पण तो घरातून निघाला त्या शुक्रवारी पहाटे ती चारही माणसं जिवंत होती आणि त्यांना गाठायला एक फोन पुरेसा होता.