नांगराची जाहिरात आणि तिचा वाचक : किर्लोस्करवाडीच्या निमित्ताने

प्रस्तावना

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात अग्रलेखांना, संपादकांना आणि त्यांच्यावरील खटल्यांना जे स्थान मिळाले आहे, ते जाहिरातींना मिळालेले नाही. जुन्या मासिकांचे वार्षिक खंड बांधताना जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली जात, कारण ती जपण्यासारखी आहेत असे कोणाला वाटतच नव्हते. आर्थिक आणि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या पानांत बरेच काही सापडते. कोणती वस्तू कोणापर्यंत पोहोचविण्याचा प्रयत्न होता, तिची वाहतूक कशी होई, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक कशामुळे बिचकत होते, हे त्यांतून समजते. अर्थात जाहिरातीत दिसणारा शेतकरी हा विक्रेत्याच्या नजरेतला शेतकरी असतो, याचे भान ठेवूनच ती वाचली पाहिजे.

प्रस्तुत लेखात वसाहतकाळात ग्रामीण भागात उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडी या वसाहतीतील शेती अवजारांचा व्यापार, त्यासाठी निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र आणि त्याचा शेतकरी वाचक यांचा विचार केला आहे. किर्लोस्करवाडीची भूमी औंध संस्थानची होती. ती थेट ब्रिटिश अमलाखालील नव्हती. तथापि रेल्वे, टपाल, आयात होणारे लोखंड आणि परदेशी मालाची स्पर्धा या सर्व बाबतींत तिचे व्यवहार वसाहतकालीन अर्थव्यवस्थेतच चालत होते.

माळरानावरील कारखाना

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत आले, यांत्रिक रेखाटन शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. ही संस्था त्या वेळी भायखळ्यास होती. बढतीच्या प्रसंगी आपल्याला डावलले गेले म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. तेथे सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर असा हा प्रवास झाला. बेळगावातील जागा सोडणे भाग पडले तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० च्या मार्च महिन्यात निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर वसाहत सुरू झाली.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. कालांतराने त्या रेल्वे स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. नांगर घेऊन जाणाऱ्या प्रत्येक बिल्टीवर आणि तिकिटावर ते नाव उमटू लागले. अशी जाहिरात पैसे मोजूनही सहसा मिळत नाही.

नांगर विकला का जात नव्हता?

लक्ष्मणरावांच्या चरित्रांत सांगितले जाते की पहिले नांगर तयार झाल्यावर दोन वर्षे ते पडून राहिले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही कथा आपण बहुधा शेतकऱ्याच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून सांगतो. माझ्या मते ती इतक्या सहजी सांगू नये.

दख्खनच्या पठारावरचा जुना नांगर बाभळीच्या लाकडाचा असे. खोड, हळस आणि रुमणे सुताराने करायचे, फाळ लोहाराने घडवायचा आणि दोघांनाही सुगीत बलुते द्यायचे, अशी ही व्यवस्था होती. नांगर मोडला तर तो गावातच, बहुधा त्याच दिवशी दुरुस्त होई आणि त्यासाठी रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगर मात्र रोखीने घ्यायचा होता. तो बिघडला तर ज्या कारखान्यातून आला तेथे पत्र लिहावे लागणार होते, आणि नांगरटीचा हंगाम पत्रोत्तराची वाट पाहत थांबत नाही. जमीन विषारी होण्याच्या भीतीमागे या साऱ्या हिशेबाचाही काही भाग असावा, असे अनुमान करता येते.

लोखंडी नांगराचे गुण खरे होते, यात शंका नाही. लाकडी नांगर जमीन फाडतो; लोखंडी नांगराचे वळणदार पाते माती उचलून उलटी टाकते. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांच्या खोल गेलेल्या मुळ्या वर येतात व उन्हाने वाळतात. काळ्या रानात कुंदा माजला की शेत पडीक टाकण्याची पाळी येई, हे ज्याने पाहिले होते त्याला या गुणाचे मोल कळत होते. तेव्हा नांगर विकण्यासाठी किमतीइतकीच स्पष्टीकरणाची गरज होती. नांगर कसा धरावा, कोणत्या रानात कोणता चालतो, झिजलेला भाग कसा बदलावा, हे सांगितल्यावाचून विक्री होणार नव्हती.

‘खबर’ची कामगिरी

हे सांगण्याचे काम शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी अंगावर घेतले. लक्ष्मणरावांचे हे पुतणे चित्रकला शिकलेले होते आणि कारखान्याच्या विक्रीचे व जाहिरातीचे काम पाहत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्रांची आवक घटली आणि देशी मालाला मागणी आली. कच्च्या लोखंडाची चणचणही त्याच काळात भासली. युद्ध संपल्यावर विलायती नांगर पुन्हा येऊ लागणार हे दिसत होते. १९२० च्या आरंभी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले त्याला ही पार्श्वभूमी होती.

‘खबर’ हे मूलतः कारखान्याचे बातमीपत्र. नांगर, उसाचे चरक, कडबा कापण्याची यंत्रे यांची माहिती आणि कारखान्याच्या वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा हेतू. १९२१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण जेमतेम ७ टक्क्यांच्या आसपास होते. त्यामुळे असे पत्र खेड्यात पोहोचल्यावर ते मास्तर, कुलकर्णी किंवा शाळेत जाणारा एखादा मुलगा वाचून दाखवणार आणि बाकीचे ऐकणार, हे गृहीतच होते. अशा श्रोत्यांसाठी चित्राला शब्दांइतकेच महत्त्व असते, आणि संपादक स्वतः चित्रकार होता!

ज्याला नांगर विकायचा त्याच्या शंका ऐकून घ्याव्या लागतात आणि पुढच्या अंकी त्यांना उत्तरे द्यावी लागतात. हळूहळू शेती व उद्योग यांच्या जोडीला आरोग्य, प्रवास, सामाजिक सुधारणा असे विषय आले. १९२९ मध्ये ‘खबर’ हा शब्द गळून मासिक ‘किर्लोस्कर’ या नावाने निघू लागले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. मराठी मध्यमवर्गाच्या विचारविश्वावर या तीन मासिकांचा जो प्रभाव पडला, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा उगम नांगराच्या विक्रीत आहे, ही गोष्ट मात्र ओझरती सांगून पुढे जाण्याची आपली पद्धत आहे. त्या वाटचालीत मूळचा शेतकरी वाचक किती उरला, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ‘स्त्री’ची वाचक प्रामुख्याने शहरातील आणि सुशिक्षित घरातील होती, कुंदा काढण्याची विवंचना तिच्यापुढे नव्हती.

योगायोग असा की, त्याच १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. साष्टीतील भातखाचरे आणि गवताची राने वसाहतींसाठी मोकळी होऊ लागली होती. एकीकडे शेत अधिक खोल नांगरावे म्हणून पत्रे निघत होती आणि दुसरीकडे, आज आपण ज्या परिसरात शिकवतो तेथे, शेतच नाहीसे होण्यास आरंभ झाला होता.

जाहिरातीचे मौन

विक्रेता जे सांगत नाही तेही जाहिरातीतून वाचता आले पाहिजे. नांगराची जाहिरात एका मालकाला उद्देशून असते : त्याचे शेत, त्याचे बैल, त्याचा नफा. प्रत्यक्षात काळ्या जमिनीत लाकडी नांगरालाही सहा-आठ बैल जुंपावे लागत आणि इतके बैल फार थोड्यांकडे असत. म्हणून इर्जिक होते. शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन येत, एकाचे रान नांगरून देत आणि तो त्यांना जेवू घाली. नांगरट हे अनेकांचे काम होते. नवा नांगर ज्याच्याकडे आला त्याला मात्र मोबदला घेऊन इतरांची राने नांगरून देणे शक्य झाले.

हा मालक कोण असू शकत होता? पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी डॉ. हॅरॉल्ड मान यांनी केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार १७७१ मध्ये गावातील सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. त्यातही तुकडे विखुरलेले, आणि बहुतेक घरांवर कर्ज. अशा कुटुंबाला कोणतेही पत्रक वाचून दाखवले तरी नांगर घेता आला नसता. साहजिकच जाहिरातीतला शेतकरी हा उसाचा बागाईतदार किंवा मोठ्या जिराईत रानाचा धनी होता.

दुसरे मौन सुतार-लोहारांविषयीचे आहे. तृतीय वर्षाच्या वर्गात हा विषय शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग लोहाराचे काय झाले?” मी तेव्हा बलुतेदारीच्या ऱ्हासाचे पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. आज मी त्याला फाळापासून समजावून सांगेन. लोहाराने घडवलेला फाळ बोथट झाला की भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून पुन्हा धार देता येते, आणि हे काम वर्षानुवर्षे त्याच्याकडे येत राहते. बिडाच्या ओतकामाचा भाग ठिसूळ असतो. त्यावर घण घातला तर तो फुटतो, त्यामुळे झिजल्यावर नवा मागवावा लागतो. गावातल्या भट्टीचे काम असे कारखान्याच्या ओतशाळेकडे गेले. मोठ्या चित्राच्या जाहिरातीपेक्षा सुट्या भागांच्या दरपत्रकात, त्या बारीक अक्षरांच्या ओळींत, लोहाराच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते.