कपाळावर नाणं मिरवणारी मांजर

कपाळावर लंबगोल सोन्याचं नाणं, वळलेल्या शेपटीचं तपकिरी टोक: ‘पोकेमॉन’मधला हा मियाउथ 1996 साली जपानी व्हिडिओ गेममध्ये अवतरला. नाणं आहे एदो काळातलं ‘कोबान’. ‘मांजरापुढे कोबान’ ही जपानी म्हण, म्हणजे आपली ‘गाढवाला गुळाची चव काय’! इथे मात्र मांजरालाच पैशाचं वेड. त्याच्या ‘पे डे’ या हल्ल्यात नाणी उधळतात आणि लढाईनंतर ती खेळाडूला मिळतात.

कार्टून मालिकेतल्या मियाउथची गोष्ट जास्त हळवी. आवडत्या मांजरीला माणसं प्रिय, म्हणून तो दोन पायांवर चालायला आणि बोलायला शिकला. तिने तरीही झिडकारलं. त्या खटाटोपात ‘पे डे’ शिकणं राहूनच गेलं.