न्यूट्रलमध्ये डिझेल किती वाचतं?

उमरखेडहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. श्रावणात सुट्टी जोडून सगळ्यांनी चिखलदऱ्याला जायचं ठरतंय. गाडी डिझेलची, माणसं पाच, सामान भरपूर. मुक्काम कुठे, आधी देवी पॉइंट की भीमकुंड, गाविलगड कधी, सगळं ठरलेलं आहे. प्रश्न एवढाच उरला आहे की घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली तर डिझेल किती वाचतं? ‘आमचे भाऊजी म्हणतात, परतवाड्यापर्यंत फुकटात येता येतं.’

वाचत काहीच नाही, उलट थोडं जास्त लागतं. पण तेवढंच सांगून थांबलो तर भाऊजींवर अन्याय होईल. त्यांनी गाडी शिकली असेल ती बहुधा एखाद्या फियाटवर नाहीतर अँबेसेडरवर. त्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली की चाकं इंजिनाला जोरात फिरवत, आणि फिरणारं इंजिन पेट्रोल ओढतच राही. न्यूट्रल केली की इंजिन संथ होई आणि थोडं पेट्रोल खरंच वाचे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हिशेब उलटा झाला आहे. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरतंय हे दिसलं की गाडीतला संगणक इंधनाची धार पूर्ण बंद करतो. इंजिन फिरतं ते चाकांच्या जिवावर, डिझेलचा एक थेंबही न घेता. न्यूट्रल केलीत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून संगणकाला पुन्हा डिझेल सोडावं लागतं, तासाला अर्धा-पाऊण लिटर. आणि कोणी त्याच्याही पुढे जाऊन किल्लीच बंद केली, तर ब्रेकला जोर देणारी यंत्रणा आणि पॉवर स्टीअरिंग दोन्ही साथ सोडतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

आता डिझेल बाजूला ठेवू, कारण खरा मुद्दा ब्रेकचा आहे. सहलीचं नियोजन म्हटलं की आपण चढाचा विचार करतो. गाडी ओढेल का, एसी बंद करावा लागेल का, इंजिन तापेल का? ही काळजी आता बहुतांशी जुनी झाली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण 1,118 मीटरवर आहे. तिथे हवा दहा-बारा टक्के विरळ असते, म्हणून साध्या इंजिनाची ताकद तेवढीच कमी होते. टर्बो असेल तर तेही जाणवत नाही. चढताना काही बिघडलंच तर गाडी थांबते, आपण बॉनेट उघडून उभे राहतो, जाणारे-येणारे सल्ले देतात. उतरताना बिघडलं तर गाडी थांबत नाही. फरक एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

उमरखेडकरांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. महागाव, आर्णी, यवतमाळ, नेर, अमरावती, परतवाडा हा तीनशेच्या आतबाहेरचा रस्ता. त्यातला शेवटचा तीसेक किलोमीटरचा तुकडा सोडला तर जवळपास सगळा सपाटीचा. म्हणजे दिवसभर ज्या सवयीने गाडी चालवली, ती सवय घेऊनच माणूस थकल्या अंगाने घाटात शिरतो आणि परतताना त्याच सवयीने उतरतो. माझं ऐकाल तर आधी एखाद्या रविवारी माहूरला जाऊन या. दत्तशिखराची वाट पुरेशी चढाची आणि वळणांची आहे, देवदर्शनही होतं. तिथून उतरलात की गाडीतून खाली उतरा आणि पुढच्या चाकाजवळ नाक न्या. जळक्या रबरासारखा उग्र वास आला तर समजा, सराव आणखी हवा. चाकाला हात मात्र लावू नका.

हा वास येतो कशाचा? दीड टनाची गाडी चिखलदऱ्याहून परतवाड्याला, म्हणजे सातशेहून अधिक मीटर खाली आणायची, तर सुमारे एक कोटी ज्यूल ऊर्जा वाटेत कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत तीस लिटर गार पाणी उकळीला येतं. यातला बराच वाटा टायर आणि हवा परस्पर खातात. निम्मा धरा हवं तर. उरलेली ऊर्जा घेणारे दोघेच: ब्रेक आणि इंजिन. न्यूट्रल म्हणजे इंजिनाला भर कामाच्या वेळी दिलेली रजा. मग सगळा भार येतो तो मुख्यतः पुढच्या दोन लोखंडी डिस्कवर. वारा त्यांना थंड करत नसता तर दोन्ही मिळून चौदा-पंधरा किलोचं ते लोखंड पाचशे अंशांपर्यंत सहज गेलं असतं. वारा असतो, म्हणून तेवढं होत नाही. पण उतार काही सगळीकडे सारखा नसतो. तो दोन-चार टप्प्यांत एकवटलेला असतो, आणि तिथे ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणाऱ्या गाडीला वाऱ्याची मदत पुरत नाही.

तापलेला ब्रेक दोन प्रकारे दगा देतो. पहिला प्रकार सज्जन आहे. ब्रेक पॅडमधलं चिकट द्रव्य तापून वायू सोडतं, घर्षण घटतं, पेडल घट्ट लागतं पण गाडी म्हणावी तशी आवरत नाही. वास येतो तो याच वेळी, म्हणजे सूचना तरी मिळते. दुसरा प्रकार दगलबाज. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि विदर्भातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नसतो. डॉट-3 जातीचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळायचं नाही, असा दंडक आहे. ओल धरलेल्या ऑइलला मात्र 140 अंशांची सूट आहे. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पाय दाबता आणि चाकाला काहीच कळत नाही, पेडल थेट तळाला जातं. यातला खरा कावा पुढे आहे. अर्ध्या तासाने सगळं थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक शहाण्यासारखे लागू लागतात. गॅरेजवाला गाडी फिरवून आणतो आणि म्हणतो, ब्रेक तर झकास आहेत साहेब. तोही खोटं बोलत नसतो. म्हणून ब्रेक ऑइल बदलून किती दिवस झाले हे निघण्याआधीच बघा. दोन वर्षं उलटली असतील तर बदलून घ्या. हॉटेलच्या एका जेवणाइतकाही खर्च नाही.

इथे मला माझ्या आवडत्या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. रुडॉल्फ डिझेलचं नाव प्रत्येक पंपावर लिहिलेलं असतं. क्लेसी कमिन्स हे नाव आपल्याकडे ऐकलेलं असतं ते कारखान्याचं म्हणून. पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स 1962 साली सुरू झाली, कर्वेनगरात कमिन्सच्या नावाचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. पण नावामागचा माणूस इंजिन बनवण्यासाठी प्रसिद्ध झाला, आणि मला तो मोठा वाटतो इंजिन आवरण्यासाठी. 1931 साली आपलं डिझेल इंजिन किती दमदार आहे हे जगाला दाखवायला तो एका ट्रकमधून न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला. सगळा देश ओलांडला आणि कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर ब्रेकनी हात टेकले. खाली रेल्वे फाटक, फाटकातून मालगाडी चाललेली. शेवटचा डबा पार झाला आणि ट्रक अगदी थोडक्यात मागून निघून गेला. इंजिनाच्या जोरावर विक्रम करायला निघालेल्या माणसाला त्या दिवशी उमगलं की आपण चढायचं यंत्र बनवलं, उतरायचं बनवलंच नाही.

पुढची कितीतरी वर्षं हे त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. अडचण अशी होती की पेट्रोलच्या इंजिनात पाय काढला की हवेची वाट बंद होते आणि पोकळी ओढत राहण्यात इंजिनाचा दम जातो. गाडी आपोआप आवरते. डिझेलमध्ये हवेची वाट तशी बंद होत नाही. सायकलला हवा भरायच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा आत ढकला: जोर लागतो. पण हात सोडलात की दांडा उसळून परत येतो. डिझेल इंजिन उतारावर हेच करतं. हवा दाबताना चाकांकडून जोर घेतं आणि लगेच बराचसा परत देऊन टाकतं. देणं-घेणं जवळपास फिटतं, गाडी हवी तशी अडत नाही. कमिन्सची युक्ती म्हणजे दांडा पुरता आत गेला की नेमक्या त्या क्षणी बोट काढायचं. दाबलेली हवा फुस्स करून निघून जाते, उसळायला काही उरतच नाही. सिलिंडरमध्ये दाब सर्वांत जास्त असताना धुराचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडायचा, एवढंच. घेतलेला जोर इंजिन परत देत नाही, आणि ट्रक ब्रेकला न शिवता आवरतो. हे साधन 1961 साली बाजारात आलं, तेही ड्रिलचे चक बनवणाऱ्या जेकब्स नावाच्या कंपनीकडून, म्हणून जग त्याला जेक ब्रेक म्हणतं. कमिन्सचं नाव तिथेही लागलं नाही! आपल्याकडच्या ट्रकांत बहुधा त्याचा साधा भाऊ असतो, एक्झॉस्ट ब्रेक: धुराची वाट अडवून इंजिनाला गुदमरवणारा. पण गाडी न्यूट्रलमध्ये असली तर दोन्ही निरुपयोगी. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांचे जे अपघात होत आले, त्यांच्या कारणांत न्यूट्रलचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

रेल्वेने हा धडा आपल्या आधी घेतला. बोर घाटात आणि थळ घाटात चढ सदतीसास एक आहे, रेल्वेच्या मानाने भयंकरच. तिथे उतारावर कॅच सायडिंग असतात, मुख्य रुळांपासून फुटून वर चढत जाणारे आंधळे रूळ. सांधा कायम त्या चढत्या रुळांकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबते, आपले ब्रेक लागतात हे त्यातून दाखवून देते, मगच तिला पुढची वाट मिळते. ब्रेक गेलेली गाडी आपसूक चढावर जाऊन दम तोडते. म्हणजे प्रत्येक गाडीचे ब्रेक निकामी आहेत असं धरूनच चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मला हा जगातला सर्वांत शहाणा अविश्वास वाटतो. तुमच्याकडे रुळांचा सांधा नाही, पण घाटाच्या माथ्यावर, उतार लागायच्या आधीच, गाडी उभी करून पेडल दाबून बघता येतं. घट्ट लागतंय की मऊ, एवढंच बघायचं.

चिखलदऱ्याला इतिहासही चढाचाच सांगतात. डिसेंबर 1803 मध्ये गाविलगड घेताना इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा अचलपूरहून डोंगर ओलांडून गडाच्या उत्तरेला नेल्या, वाट करत करत, माणसांनी हातांनी ओढून. 15 तारखेला गड पडला. आर्थर वेलस्लीच्या नावावर तो विजय जमा आहे. तोफा ओढणाऱ्यांची नावं कुठे नाहीत, आणि त्या परत खाली कशा आणल्या हे तर कोणी सांगतच नाही. भीमाने कीचकाला ज्या दरीत टाकलं ती इथलीच, असं लोक सांगतात. खाली जायची तेवढी एक पद्धत इथे नोंदलेली आहे, पण ती पाच माणसं आणि सामान घेऊन वापरण्यासारखी नाही.

तर मग गिअर कोणता? जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. नियम चांगला आहे, पण तो अशक्त गाड्यांच्या काळातला आहे. आजची टर्बो गाडी तिसऱ्यात खुशाल चढते, आणि तिसऱ्यात उतरली तर ब्रेक लावावाच लागतो. तेव्हा एक गिअर खाली धरा. दुसऱ्यात इंजिन घोंघावेल, मागच्या सीटवरून कोणीतरी ‘गिअर बदल की’ म्हणेल, ऐकू नका. त्या घोंघावण्यात डिझेल जळत नाहीये, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. ब्रेक लावायचा तो थोडा वेळ, जोरात, आणि मग पूर्ण सोडायचा. हलका पाय ठेवून दिला की डिस्कला थंड व्हायला फुरसतच मिळत नाही. वळणावर गंमत बघा. यू आकाराच्या तीव्र वळणात रस्ता जवळजवळ सपाट होतो. डोंगरी रस्ते आखणाऱ्यांचा दंडकच आहे की अशा वळणात चढ चाळीसास एकपेक्षा जास्त नको. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधीच्या उतारावर, वळणात नव्हे. अरुंद जागी समोरून कोणी चढत असेल तर वाट त्याची. कायदाही तेच सांगतो, कारण चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणं अवघड. धुक्यात दिवे खाली ठेवा. मोबाईलवर मान घालून बसलेल्या मुलांना ओकारी येणारच. डोळे म्हणतात बसलोय, कान म्हणतो वळतोय. खिडकीबाहेर बघायला लावा.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर दांड्यावर ‘एल’ नाहीतर हाताने गिअर बदलायची सोय असते, ती घाटासाठीच आहे. आणि पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेऊन जाणार असाल तर उतार तुमच्या फायद्याचा. तिची मोटर उतारावर जनित्र बनते आणि खाली येताना दहा-बारा किलोमीटर चालेल एवढी वीज परत बॅटरीत भरते. अट एकच. वरच्या मुक्कामात रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीला आणखी वीज घ्यायला जागा नसते, मोटरचा ब्रेक जवळजवळ बंद होतो, आणि सगळा भार पुन्हा त्याच दोन लोखंडी डिस्कवर येतो. नव्वदवर थांबवा.