उलट्या-जुलाब : विषाणू की विषबाधा?

एप्रिल २०११. चैत्र नवरात्र नुकतेच बसले होते. महाराष्ट्रात उपवासाला जशी वरी आणि साबुदाणा, तशी दिल्लीत कुट्टूच्या पिठाची पुरी आणि पकोडे. मयूर विहार ज्या पूर्व दिल्लीत येते, तिथे फराळ करून उठलेल्या लोकांना काही तासांतच उलट्या होऊ लागल्या. पोटात कळा येत होत्या, डोके गरगरत होते. दोनशेहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. वेगवेगळ्या घरांतली, एकमेकांना न ओळखणारी माणसे. पण सगळ्यांच्या ताटात पदार्थ एकच होता, कुट्टूचा.

आता याच मयूर विहारातल्या एखाद्या फ्लॅटमधले ऐन थंडीतले चित्र डोळ्यांसमोर आणा. सोमवारी नर्सरीतला मुलगा शाळेतून येतो आणि भडाभडा ओकतो. घरातले म्हणतात, ‘‘कालच्या वाढदिवसाच्या पार्टीतले पनीर बाधले.’’ बुधवारी त्याच्या आईला जुलाब सुरू होतात. शुक्रवारी आजी अंथरूण धरते. आजींनी तर त्या पार्टीतला घासही खाल्लेला नसतो! म्हणजे पनीर बिचारे निर्दोष होते. घरात शिरला होता विषाणू आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे चालत गेला होता.

वरवर पाहता दोन्ही आजार अगदी सारखे. मळमळ, उलट्या, पातळ शौच, पोटदुखी, गळून जाणे. म्हणूनच बहुतेक घरांत शेवटी जे खाल्ले त्याच्यावर खापर फोडून सगळे मोकळे होतात. पण दोन्हींतला फरक ओळखता आला तर पुढचा बराच त्रास टळतो. विषबाधा असेल, तर तो पदार्थ आणखी कोणी खाण्याआधी बाजूला काढायला हवा. विषाणू असेल, तर उरलेल्या माणसांना त्यापासून वाचवायला हवे.

घड्याळ काय सांगते?

पहिला पुरावा वेळेचा. काही जिवाणू अन्नातच वाढतात आणि तिथेच विष तयार करतात. ते विष आयतेच पोटात गेल्यामुळे त्रास फार लवकर होतो. स्टॅफिलोकोकस या जिवाणूचे विष अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू करते. हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत तर हमखास. तिथून तो मिठाई, क्रीम, पनीर यांत उतरतो.

दुसरा असाच जिवाणू भातात सापडतो. भात शिजवला तरी त्याचे बीजाणू मरत नाहीत. रात्रीचा उरलेला भात दिल्लीच्या उकाड्यात ओट्यावर तसाच राहिला की ते जागे होतात आणि विष सोडतात. सकाळी त्याला झकास फोडणी दिली, तरी ते विष जात नाही. अनेक गृहिणींचा असा समज असतो की शिळे अन्न खळखळून गरम केले म्हणजे झाले. जिवाणू त्याने मरतील. त्यांनी आधीच तयार केलेले विष मात्र उकळूनही शाबूत राहू शकते.

सालमोनेलासारखे जिवाणू पोटात गेल्यावर वाढतात, म्हणून त्यांना वेळ लागतो. सहसा बारा तासांपासून तीन दिवस. कच्ची अंडी, नीट न शिजलेली कोंबडी ही त्यांची नेहमीची वाट.

विषाणूंनाही असाच वेळ लागतो. मोठ्या माणसांमध्ये सर्रास आढळणारा नोरोव्हायरस शरीरात शिरल्यापासून बारा ते अठ्ठेचाळीस तासांत लक्षणे दाखवतो. लहान मुलांना छळणारा रोटाव्हायरस साधारण दोन दिवस घेतो. तेव्हा जेवणानंतर दोन-चार तासांत उलट्या झाल्या तर त्या जेवणावर संशय घ्या. तसे नसेल तर केवळ शेवटच्या जेवणाला दोष देऊ नका. मागच्या दोन-तीन दिवसांत काय खाल्ले, कुठले पाणी प्यायलो आणि कोण आजारी माणूस भेटला, हे आठवा.

आजारी कोण कोण पडले?

दुसरा पुरावा माणसांचा. एकाच पंगतीतले बरेच जण थोड्याफार अंतराने एकदमच आजारी पडले, तर बहुधा विषबाधा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमातल्या प्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना असाच त्रास झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये, शारदीय नवरात्रात, दिल्लीच्या जहांगीरपुरी भागात पुन्हा कुट्टूच्या पिठानेच दीडशेहून अधिक लोक रुग्णालयात पोहोचले.

याउलट घरात एक पडला, दोन दिवसांनी दुसरा, मग तिसरा, अशी रांग लागली, मुलाच्या वर्गातही चार-पाच मुले गैरहजर असली, तर विषाणूची शक्यता जास्त. त्यातून थंडीचे दिवस असतील तर संशय आणखी बळावतो, कारण उत्तर भारतात रोटाव्हायरसचा जोर थंडीत असतो. अन्न नासण्याचे प्रकार मात्र उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाढतात.

ताप, रक्त आणि दिवस

तिसरा पुरावा लक्षणांचाच. विषाणूच्या आजारात शौच पाण्यासारखे पातळ होते, पण त्यात सहसा रक्त नसते. अंगात कणकण असते, अंग दुखते. नोरोव्हायरस एक ते तीन दिवसांत ओसरतो, रोटाव्हायरस मुलांना आठवडाभरही पाडून ठेवतो. अन्नातल्या तयार विषाने येणाऱ्या उलट्या जोरदार असतात, ताप फारसा नसतो आणि बहुधा एका दिवसात माणूस उठून बसतो. शौचातून रक्त किंवा आव पडत असेल, पोटात मुरडा येत असेल आणि ताप चढलेला असेल, तर आतड्याला जिवाणूंचा संसर्ग झाल्याची शंका घ्यावी. अशा वेळी डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

अर्थात ही गणिते नेहमीच तंतोतंत सुटतात असे नाही. आजारी आचाऱ्याच्या हातून नोरोव्हायरस जेवणातही उतरतो आणि मग साऱ्या पंगतीला विषाणूच बाधतो! त्यामुळे निदानाचा हट्ट धरून बसू नका. कारण कोणतेही असो, पहिला उपचार एकच आहे.

आधी पाणी, मग बाकीचे

या आजारांत माणूस बहुतेक वेळा दगावतो तो जंतूमुळे नव्हे, तर शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले आणि रुग्णांना पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

तीच ही जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, छोटे २०० मिलिलिटर पाण्यात. मोठ्या पाकिटातली पूड अंदाजाने पेल्यात टाकू नका, पूर्ण पाकीट एकदम विरघळवा आणि चोवीस तासांनी उरलेले पाणी फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. मीठ जास्त पडले तर मुलाला अपाय होतो, म्हणून हात आखडता ठेवा.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा. दुकानातली गोड, रंगीत पेये ही जलसंजीवनी नव्हे. प्रमाणित सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. म्हणून पाकिटावरचे सूत्र वाचूनच घ्या.

मुलाचे दूध किंवा जेवण तोडू नका. अंगावरचे दूध चालूच ठेवा. मऊ भात, खिचडी, केळे, दही द्या. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून उपाशी ठेवल्याने मूल आणखी खंगते. ‘दात येताहेत, जुलाब व्हायचेच’ किंवा ‘नाभी सरकली आहे’ म्हणून चोळायला नेण्यात जे तास जातात, तेच मोलाचे असतात. लहान मुलांना डॉक्टर झिंकच्या गोळ्या देतात, त्या सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनानेच घेऊ नका, विषाणूवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या तर मुलांना मुळीच देऊ नका.

केव्हा थांबू नये?

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

• सहा-आठ तासांत लघवी न होणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, डोळे किंवा तान्ह्याची टाळू खोल जाणे.
• मूल सुस्त पडणे, पिण्यास नकार देणे, प्यायलेले सगळे ओकून टाकणे.
• शौचात रक्त, १०२ अंशांहून अधिक ताप.
• भाताच्या पेजेसारखे पांढरट, धो-धो जुलाब. ही पटकीची खूण आहे.
• धूसर दिसणे, पापण्या जड होणे, हातापायांतले बळ जाणे.
• पोटात एकाच जागी, विशेषतः उजवीकडे खाली, सतत वाढत जाणारे दुखणे.

सहा महिन्यांखालचे बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत तर लक्षणे सौम्य असतानाच डॉक्टरांना विचारा.

घरात साथ पसरू नये म्हणून

विषाणू म्हटले की अनेकजण सॅनिटायझरची बाटली पुढे करतात. नोरोव्हायरसला तिचे फारसे भय नाही. साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय. शौचानंतर, मुलाचे लंगोट बदलल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी हात चोळून धुवा. ओकारी पुसताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घाला, नंतर ती जागा ब्लीचच्या द्रावणाने पुसा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. जिला जुलाब होत आहेत तिने त्रास थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात जाऊ नये. घरच्या पुरुषांना चूल सांभाळण्याची ही चांगली संधी आहे!

रोटाव्हायरसवर लसही आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८०च्या दशकात काही नवजात बाळांमध्ये, त्यांना आजारी न पाडणारा रोटाव्हायरस सापडला. त्याच्यापासूनच पुढे ‘रोटावॅक’ ही भारतीय लस तयार झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ‘रोटासिल’ आणली. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आली. बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती तोंडावाटे मोफत दिली जाते. तिने सगळे जुलाब थांबत नाहीत, पण जिवावर बेतणारा आजार बराच कमी होतो.

नळ आणि ताट

यमुनापारच्या लोकांना पाण्याचा धडा १९८८च्या पावसाळ्यात फार महाग पडला. तिथल्या पुनर्वसन वसाहतींत पटकी आणि गॅस्ट्रोची साथ पसरली, शेकडो माणसे गेली. कमी खोलीच्या हातपंपांच्या पाण्यात मैला झिरपत होता. आज सोसायट्यांत नळ आहेत, पण धोका संपलेला नाही. पाइपाला थेट मोटर लावून पाणी खेचले की फुटक्या जोडांतून गटाराचे पाणीही आत ओढले जाते. एकाच पॉकेटमधल्या बऱ्याच घरांत जुलाब सुरू झाले, नळाला वास किंवा गढूळपणा आला, तर पाणी खळखळून उकळूनच प्या आणि जल बोर्डाकडे तक्रार करा.

शिजलेले अन्न दोन तासांत, कडक उन्हाळ्यात तासाभरात, फ्रीजमध्ये ठेवा. उपवासाचे पीठ सुटे आणि जुने घेऊ नका. कुबट वास आला तर मोह सोडा. विषबाधेचा संशय असेल तर उरलेला पदार्थ फेकू नका. वेगळ्या डब्यात झाकून, वर चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवा, डॉक्टरांना सांगा आणि अन्नसुरक्षा विभागाला कळवा. तुमच्या एका फोनमुळे त्याच दुकानातले पीठ दुसऱ्या घरच्या ताटात जाण्यापासून थांबू शकते.

आणि औषधांच्या डब्यात जलसंजीवनीची दोन पाकिटे आजच आणून ठेवा. विषाणू की विषबाधा, हा हिशेब पाकीट पाण्यात घोळल्यावरही करता येईल.