दप्तरदाराला लेखी हुकूम

तुम्ही रोज पाठीवर दप्तर घेऊन शाळेत येता. हा शब्द मराठीत फारसीतून आला आहे. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीतही पूर्वी दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रांचा संग्रह असा अर्थ होता. पुण्यातील प्रसिद्ध पेशवे दप्तर हा असाच एक संग्रह आहे. त्यातील कागद कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. जुन्या काळी असे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला दप्तरदार म्हणत. कोणता कागद कोठे आहे, कोणता कोणाला दाखवायचा, हे सर्व तो पाही.

संगणकातही कागदांऐवजी फाइली असतात. कोणी निबंध लिहून ठेवतो, कोणी छायाचित्रे, कोणी गाणी. या फाइली दाखवणे, हलवणे, त्यांच्या प्रती काढणे, त्या पुसणे ही कामे करणाऱ्या प्रोग्रॅमला फाइल मॅनेजर म्हणतात. आपण त्याला संगणकातील दप्तरदार म्हणूया. या दप्तरदाराला आपल्या सोयीप्रमाणे वागायला कसे शिकवावे, ते या पाठात पाहू.

फाइल मॅनेजर पुष्कळ प्रकारचे आहेत. काही माउसने चालतात, तर काही केवळ कळफलकाने. १९८६ साली जॉन सोचा यांचा नॉर्टन कमांडर हा प्रोग्रॅम आला. त्यात पडद्यावर शेजारी शेजारी दोन खण दिसत. एका खणातील फाइल दुसऱ्या खणात चटकन पाठवता येई. ही रीत लोकांना फार आवडली आणि पुढे अनेकांनी ती उचलली. आपण उदाहरणासाठी व्हीआयएफएम हा दोन खणांचा प्रोग्रॅम घेऊ. तो मोफत मिळतो आणि लिनक्स असलेल्या संगणकांवर पुष्कळ जण वापरतात. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्हीआय नावाचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम तयार केला होता. त्याच्याच कळा येथेही चालतात. जे दाबले की खाली, के दाबले की वर, एच दाबले की बाहेरच्या फोल्डरमध्ये आणि एल दाबले की आतल्या फोल्डरमध्ये जाता येते.

हा दप्तरदार कामाला चपळ आहे. पण त्याची स्मरणशक्ती कमी आहे. काम चालू असताना अपूर्णविरामाचे चिन्ह दाबून तुम्ही त्याला आज्ञा देऊ शकता. ती तो लगेच पाळतो. परंतु प्रोग्रॅम बंद केला, की अशा बहुतेक आज्ञा तो विसरतो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्या पुन्हा सांगाव्या लागतात. मग रोज तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवले तर?

त्यासाठीच एक खास फाइल असते. प्रोग्रॅम सुरू होताच तो ही फाइल उघडतो आणि तिच्यातील ओळी वरून खाली वाचून एकेक आज्ञा अमलात आणतो. हिला आपण प्रारंभ फाइल म्हणू. व्हीआयएफएमच्या प्रारंभ फाइलचे नाव व्हीआयएफएमआरसी असे आहे. शेवटची 'आरसी' ही अक्षरे पाहून तुम्हाला आरसा आठवेल. पण येथे तो अर्थ नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० नंतरच्या काही वर्षांत एका मोठ्या संगणकावर 'रनकॉम' नावाची सोय होती. फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञा ती ओळीने पार पाडत असे. त्या नावाचे छोटे रूप म्हणजे आरसी. आजही अनेक प्रोग्रॅमच्या प्रारंभ फाइलींच्या नावात ही दोन अक्षरे दिसतात.

प्रारंभ फाइल ही साध्या मजकुराची फाइल असते. वहीत लिहावे तशी ती लिहिता येते आणि कोणालाही वाचता येते. ती बहुधा 'कॉन्फिग' नावाच्या फोल्डरमध्ये असते. त्या फोल्डरच्या नावाआधी एक टिंब असते. टिंबाने सुरू होणारी नावे फाइल मॅनेजर एरवी लपवून ठेवतो. ती पाहायची असतील तर व्हीआयएफएममध्ये झेड आणि मग ओ ही कळ दाबावी.

आता या फाइलमध्ये काय लिहितात, ते पाहू. प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात. येथे आपण त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

समजा, तुम्ही पुस्तकाच्या अकरा धड्यांची टिपणे अकरा फाइलींत ठेवली आहेत आणि प्रत्येकीच्या नावात इंग्रजी अंक घातला आहे. यादी पाहावी तर धडा १, मग धडा १०, धडा ११ आणि त्यानंतर धडा २! असे का व्हावे? संगणक नावे अक्षर अक्षर जुळवून पाहतो. १० मधील पहिला अंक १ आहे. तो २ पेक्षा लहान, म्हणून धडा १० आधी येतो. 'सेट सॉर्टनंबर्स' ही एक ओळ प्रारंभ फाइलमध्ये लिहा. मग दप्तरदार अंकांना संख्या मानतो आणि धडे १, २, ३ अशा क्रमाने लावतो.

दुसरी सोय खुणेची. एखाद्या फोल्डरमध्ये तुम्हाला वारंवार जावे लागत असेल, तर 'मार्क' या आज्ञेने त्याला एका अक्षराची खूण देता येते. पुस्तकात आपण मोरपीस ठेवतो ना, तशीच ही खूण. अवतरणचिन्हाची एकेरी कळ आणि ते अक्षर दाबले, की थेट त्या फोल्डरमध्ये पोहोचता.

तिसरी सोय जोडणीची. 'फाइलटाइप' या आज्ञेने कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडावी हे ठरवता येते. पीडीएफ असेल तर वाचनाचा प्रोग्रॅम, गाणे असेल तर वाजवणारा प्रोग्रॅम. एकदा लिहून ठेवले, की एंटर दाबणे एवढेच तुमचे काम उरते.

चौथी सोय कळांची. 'मॅप' हा शब्द असलेल्या आज्ञांनी एका कळेला नवे काम नेमून देता येते. व्हीआयएफएमबरोबर जी नमुना फाइल मिळते, तिच्यात डब्ल्यू या कळेला असे काम दिलेले आहे. ती दाबली, की निवडलेल्या फाइलचा मजकूर दुसऱ्या खणात दिसतो. याशिवाय पडद्याचे रंगही बदलता येतात. रात्री अभ्यास करणाऱ्याला गडद पडदा हवा असेल, तर तोही मिळतो.

आता एका धोक्याची गोष्ट ऐका. व्हीआयएफएममध्ये डी ही कळ दोनदा दाबली की निवडलेली फाइल पुसली जाते. ती लगेच नाहीशी होत नाही. दप्तरदार तिला कचरापेटीत ठेवतो. चूक झाली असेल तर यू ही कळ दाबून ती परत आणता येते. 'सेट ट्रॅश' या आज्ञेमुळे असे होते. परंतु कोणी 'सेट नोट्रॅश' असे लिहिले तर? 'नो' ही दोनच अक्षरे वाढली. मंजूरचे नामंजूर आणि पसंतचे नापसंत व्हावे, तसा सगळा अर्थ उलटला. आता पुसलेली फाइल कचरापेटीत न जाता कायमची नष्ट होते. पुसण्यापूर्वी दप्तरदार 'खरेच पुसू का?' असे विचारतो खरा; पण सवयीने बोट 'होय'वर पडले, की वर्षभराची टिपणे गेली. यू कितीही वेळा दाबा, ती परत येत नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही आज्ञेचे स्पेलिंग चुकवले, तर प्रोग्रॅम सुरू होतानाच तशी तक्रार करतो. पण स्पेलिंग बरोबर आणि हेतू मात्र चुकीचा असेल, तर तो काहीही बोलत नाही. चुकीची आज्ञाही तो तितक्याच इमानाने रोज पाळतो. तोंडी दिलेली चुकीची आज्ञा प्रोग्रॅम बंद होताच विसरली जाते. लिहून ठेवलेली चूक मात्र कोणी ती खोडेपर्यंत दररोज घडत राहते. म्हणून प्रारंभ फाइल लिहिताना काही पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य, फाइल बदलण्यापूर्वी तिची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. दुसरे, नवी आज्ञा आधी प्रोग्रॅम चालू असताना तोंडी देऊन पाहावी आणि पसंत पडली तरच लिहावी. तिसरे, एका वेळी एकच ओळ बदलावी. एकदम दहा ओळी बदलल्या आणि काही बिघडले, तर दोष कोणत्या ओळीचा हे कळत नाही. चौथे, प्रत्येक आज्ञेच्या वर ती का लिहिली याची नोंद करावी. या फाइलमध्ये दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू होणारी ओळ दप्तरदार सोडून देतो. तेथे तुम्ही स्वतःसाठी टिपण लिहू शकता. सहा महिन्यांनी तेच तुमच्या उपयोगी पडेल. इतके करूनही घोटाळा झालाच, तर घाबरू नका. 'नो कॉन्फिग्ज' असा पर्याय देऊन प्रोग्रॅम सुरू केला, की तो प्रारंभ फाइल वाचतच नाही. मग शांतपणे चूक शोधून दुरुस्त करता येते.

शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. अनेक जण आपल्या प्रारंभ फाइली इतरांना वापरायला देतात. त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ असते. परंतु दुसऱ्याची फाइल न वाचता जशीच्या तशी घेऊ नका. या फाइलमध्ये संगणकाकडून जवळजवळ कोणतेही काम करून घेणारी आज्ञा लिहिता येते. न वाचता कागदावर सही करू नये, असे मोठी माणसे सांगतात. हा कागदही तसाच आहे. त्यात कोणी काहीही लिहिलेले असो, दप्तरदार त्याला तुमचाच हुकूम समजतो. तेव्हा ज्या ओळीचा अर्थ तुम्हाला समजला आहे, तीच ओळ आपल्या फाइलमध्ये ठेवा. सुरुवातीला तुमची फाइल चार ओळींची असेल. काही बिघडत नाही. त्या चारही ओळी तुमच्या स्वतःच्या असतील.

शब्दार्थ
संग्रह – साठा. प्रारंभ – सुरुवात. आज्ञा – हुकूम. अमलात आणणे – प्रत्यक्षात करणे. टिपण – थोडक्यात लिहिलेली नोंद. पथ्य – पाळायचा नियम. हेतू – इरादा. इमानाने – प्रामाणिकपणे. नष्ट होणे – नाहीसे होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुन्या काळी दप्तरदार कोणते काम करत असे?
(आ) प्रारंभ फाइल प्रोग्रॅम केव्हा वाचतो?
(इ) टिंबाने सुरू होणारी नावे पाहण्यासाठी कोणत्या कळा दाबाव्यात?

प्र. २. कारणे द्या.
(अ) यादीत धडा १० हा धडा २ च्या आधी येतो.
(आ) एका वेळी एकच ओळ बदलावी.
(इ) दुसऱ्याची प्रारंभ फाइल न वाचता घेऊ नये.

प्र. ३. 'सेट ट्रॅश' आणि 'सेट नोट्रॅश' या आज्ञांमधील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.

प्र. ४. 'ना' हा उपसर्ग लावून शब्द तयार करा व वाक्यात उपयोग करा.
पसंत, मंजूर, खूश, लायक.

प्र. ५. दप्तर, रुमाल, हुकूम हे शब्द उर्दूत व मराठीत कोणत्या अर्थांनी वापरतात, ते घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.