पत्ता आणि नाव : तुटक्या दुव्यांची गोष्ट

ज्ञानेश्वरीचा संदर्भ देताना अभ्यासक सहसा पृष्ठक्रमांक देत नाहीत. अध्याय आणि ओवी सांगतात. पाठभेदांमुळे ओवीचे क्रमांक थोडे सरकले, तरी वाचक वाट चुकत नाही. पृष्ठ हा छपाईने दिलेला पत्ता, तर ओवी ही मजकुराची स्वतःची ओळख. हाच भेद मला रस्ट या संगणकभाषेच्या दस्तऐवजांत फार स्पष्टपणे दिसला.

आज्ञावली लिहिणारा प्रत्येक घटकाच्या माथ्यावर त्याचे स्पष्टीकरण लिहितो. 'रस्टडॉक' हे साधन ती टिपणे गोळा करून त्यांची एचटीएमएल पाने बनवते. ही पाने स्वतःच्या संगणकावर ठेवून इंटरनेटविनाही वाचता येतात. एकट्याने शिकणाऱ्याला हाच गुरू. 'अधिक माहिती तिथे पहा' असे सांगणारा दुवा रिकाम्या जागी गेला, की त्याचा शोध तिथेच खुंटतो.

दुवे तुटत का? पूर्वी ते हाताने लिहावे लागत : दोन पायऱ्या वर जा, मग 'ऑप्शन' नावाच्या कप्प्यातली अमुक फाइल उघडा. पण रस्टमध्ये एकच घटक दोन ठिकाणांहून वाचकासमोर येऊ शकतो. 'ऑप्शन'चेच पान 'कोअर' आणि 'स्टँडर्ड' या दोन्ही ग्रंथालयांत दिसते. एका दारातून बरोबर असलेली वाट दुसऱ्या दारातून चुकीची ठरू शकते. शिवाय घटकाचा प्रकार बदलला, की फाइलचे नावही बदलते. भाषांतरक यंत्रणा आज्ञा तपासते. टिपणातल्या मजकुराकडे ती ढुंकूनही पाहत नाही.

पहिला उपाय पहारेकऱ्याचा. तयार झालेले प्रत्येक पान उघडायचे, त्यातला प्रत्येक स्थानिक दुवा घ्यायचा, ती फाइल आणि तिच्यातली खूण खरोखर आहे का, ते पाहायचे. रस्टच्या प्रकल्पात असे तपासनीस साधन आहे. ते चूक दाखवते. चुकीचे मूळ मात्र तसेच राहते.

दुसरा उपाय मुळाशी जातो. २०१७ मध्ये मांडलेली आणि १९ नोव्हेंबर २०२० रोजी रस्टच्या १.४८ या आवृत्तीत स्थिरावलेली ही पद्धत सांगते : पत्ता लिहूच नका, चौकटी कंसात घटकाचे नाव लिहा. ते नाव कुठे राहते, हे रस्टडॉक भाषेच्याच नियमांनी शोधते आणि प्रत्येक पानासाठी योग्य वाट आखते. नाव सापडले नाही, तर इशारा देते. आपण ठरवले, तर काम तिथेच थांबवते.

तरीही पहारेकरी निवृत्त झालेला नाही. पानातल्या एखाद्या मथळ्याकडे नेणारी खूण हाताने लिहिली असेल, तर ती पडताळायला तोच लागतो. आणि एक प्रश्न दोघांच्याही आवाक्याबाहेरचा आहे. दुवा शाबूत असतो, पानही उघडते, पण तिथला मजकूर आता वेगळेच काही सांगत असतो. ती तूट फक्त वाचणाऱ्या माणसालाच दिसते.